तीच गाडी, दोन इंजिनं: कमी ताकदीचं घ्यावं की जास्त?

गाडी ठरलेली असते. रंगावरही घरात एकमत झालेलं असतं. आणि मग माहितीपत्रकात एकाच गाडीसमोर दोन इंजिनं दिसतात. एकाची ताकद ९० पीएस, दुसऱ्याची ११० किंवा १२०. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच. ओळखीतल्यांना विचारावं तर एक जण म्हणतो, "रोज ऑफिसलाच तर जायचंय, कशाला जादा पैसे घालता?" दुसरा म्हणतो, "एकदाच घ्यायची तर दमदार घ्या, नाहीतर पस्तावाल." दोघंही आपापल्या अनुभवाने खरंच बोलत असतात, आणि म्हणून प्रश्न काही सुटत नाही.

हा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे. सीट कव्हर, स्पीकर, टायर यांतलं काहीही नंतर बदलता येतं. इंजिन मात्र एकदा निवडलं की गाडी विकेपर्यंत तेच. शिवाय त्याचा संबंध फक्त मजेशी नाही. इंधनाचा खर्च, चढावरची दमछाक, ओव्हरटेक करताना समोरून येणारी गाडी किती जवळ आली असेल, हे सगळं त्यातच आलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पत्रकात ठळक छापलेला ताकदीचा आकडा इंजिन ज्या वेगाने फिरताना मिळतो, त्या वेगापर्यंत बहुतेक चालक वर्षातून दोन-चार वेळाही जात नाहीत. म्हणून 'ताकद किती' यापेक्षा 'ताकद कुठे' हा प्रश्न आधी विचारायला हवा. बाकीचा सगळा लेख म्हणजे या एका वाक्याचा उलगडा आहे.

पाना, नट आणि टॉर्क

ताकद आणि टॉर्क या दोन शब्दांचा घोळ आधी निस्तरू. चाक पंक्चर झाल्यावर नट आवळायचा पाना हातात घेतलाय असं समजा. लहान गाड्यांचे चाकाचे नट साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटरने आवळतात. पाना अर्धा मीटर लांब असेल तर त्याच्या टोकावर बावीसेक किलोचा भार टाकला की ११० न्यूटन-मीटर होतात. हा जो पिळण्याचा जोर, तोच टॉर्क.

आता हे बघा: टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, नसलेल्या १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्कही जवळपास एवढाच असतो, सुमारे ११० न्यूटन-मीटर. म्हणजे नुसत्या पिळण्याच्या जोरात पाना धरलेला माणूस आणि इंजिन बरोबरीत. मग इंजिन मोठं कशात? वेगात. आपण तो पाना दहा सेकंदांत एक फेरा फिरवू, म्हणजे मिनिटाला ६ फेरे. इंजिन तोच जोर मिनिटाला ४,००० फेऱ्यांनी देतं. जोर किती वेगाने दिला जातो, त्याचं नाव ताकद.

हिशेबही सोपा आहे. टॉर्कला आरपीएमने, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा आणि ७,०२३ ने भागा, पीएसमधली ताकद मिळते. पाना फिरवणाऱ्याची ताकद एक दशांश पीएसपेक्षाही कमी भरते. ११० न्यूटन-मीटर देणाऱ्या इंजिनाची ४,००० आरपीएमला सुमारे ६३ पीएस. एवढं एक गणित लक्षात ठेवलंत तर कुठलंही माहितीपत्रक तुम्हाला फसवू शकणार नाही.

एककांचं एक भान ठेवा. पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती: ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलायला लागेल तेवढी, ७३५.५ वॉट. बीएचपीतली अश्वशक्ती किंचित मोठी, ७४५.७ वॉट. १०० किलोवॉट म्हणजे १३६ पीएस, पण १३४ बीएचपी. दोन गाड्यांची तुलना करताना एकीचा आकडा पीएसमध्ये आणि दुसरीचा बीएचपीत असेल तर एक-दोनचा फरक नुसता कागदावरचा असतो.

६ पीएसचा मोठा फरक आणि २५ पीएसचा छोटा फरक

ताकद 'कुठे' आहे याला इतकं महत्त्व का, हे मला दोन खऱ्या गाड्यांवरून सर्वात चांगलं समजलं.

पहिली जपानची. तिथे 'केई' नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे. इंजिन ६६० सीसीपेक्षा मोठं चालत नाही, आणि कंपन्यांनी आपसात पाळलेली ताकदीची मर्यादा ६४ पीएस. होंडाची एन-बॉक्स या वर्गातली. तिच्या २०१७ साली आलेल्या पिढीत दोन पेट्रोल इंजिनं होती. टर्बो नसलेलं ५८ पीएसचं, टर्बोवालं ६४ पीएसचं. फरक फक्त ६. कोणीही म्हणेल, सहासाठी कशाला जादा पैसे! पण टॉर्क बघा. साध्या इंजिनाचा ६५ न्यूटन-मीटर आणि तोही ४,८०० आरपीएमला. टर्बोचा १०४, आणि तो २,६०० लाच. मघाचं गणित लावा. २,६०० आरपीएमला टर्बो सुमारे ३८ पीएस देतं. साधं इंजिन त्या वेगाला आपला पूर्ण टॉर्क देतं असं उदारपणे धरलं, तरी २४ च्या पुढे जात नाही. कागदावर सहाचा फरक, आणि जिथे गाडी रोज चालते तिथे किमान चौदाचा.

दुसरी अगदी उलट्या टोकाची. फोर्डच्या फिएस्टात एक लिटरचं तीन सिलिंडरचं इकोबूस्ट इंजिन १०० आणि १२५ पीएस अशा दोन रूपांत मिळायचं. तब्बल २५ चा फरक. पण दोन्हींचा टॉर्क १७० न्यूटन-मीटर, आणि तो दोघांतही १,५०० च्या आसपास सुरू होऊन निदान ४,००० आरपीएमपर्यंत टिकणारा. १७० गुणिले ४,००० भागिले ७,०२३ म्हणजे ९७ पीएस. तिथवर दोघं जुळे भाऊ. १२५ वाल्यात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर काही सेकंद जादा टॉर्क देणारी ओव्हरबूस्टची सोय होती. ती सोडली तर जादाचे पंचवीस पीएस चार हजारांच्या वरच राहतात. गर्दीच्या रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये दोन ते अडीच हजारांत गाडी हाकणाऱ्याला ते भेटतच नाहीत.

तेव्हा दोन इंजिनांची तुलना करताना कमाल ताकदीची ओळ क्षणभर हाताने झाका. टॉर्क किती, आणि मुख्य म्हणजे कोणत्या आरपीएमपासून कोणत्या आरपीएमपर्यंत, हे वाचा. मग दोघांची २,००० ते ३,००० मधली ताकद स्वतः काढा. दोन मिनिटांचं काम आहे.

गाडीला खरोखर किती ताकद लागते?

उत्तर ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. सपाट रस्त्यावर ताशी १०० किमी वेगाने नुसतं जात राहायला मध्यम आकाराच्या हॅचबॅकला साधारण २० पीएस पुरतात. हवा ढकलायला त्यातला मोठा वाटा जातो, थोडा टायरांच्या घर्षणात, थोडा गिअरबॉक्समध्ये. हवेचा विरोध मात्र वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद आठपट. म्हणून १०० वरून १३० ला गेलं की वीसचे पस्तीस-सदतीस पीएस होतात. तरीही ९० पीएसच्या गाडीला ते सहज झेपतं. म्हणजे एका वेगाने जात राहण्यासाठी मोठं इंजिन कोणालाच लागत नाही. ताकद लागते ती तीन वेळी: चढताना, वेग वाढवताना आणि गाडी भरलेली असताना. हे तिन्ही एकदम आले की खरी परीक्षा.

चढाचं उदाहरण घेऊ. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १,५०० किलो, घाटाचा चढ ८ टक्के, म्हणजे दर शंभर मीटरला आठ मीटर उंची, आणि वेग ताशी ६०. नुसतं तेवढं वजन तेवढ्या वेगाने वर न्यायला सुमारे २७ पीएस लागतात. हवा आणि टायर धरून ३३. हे चाकापाशी. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन २,५०० ला फिरतंय आणि ते टर्बो नसलेलं १०० न्यूटन-मीटर देतंय असं समजा. ताकद निघते ३५-३६ पीएस. त्यातून गिअरबॉक्सचं नुकसान वजा करा, एसीचा कॉम्प्रेसर वजा करा. शिल्लक काहीच राहत नाही, उलट तूट येते. पाय पूर्ण दाबलेला, तरी गाडीचा वेग पडत जातो. दुसरा गिअर टाकावा लागतो, इंजिन किंचाळायला लागतं, आणि मागे ट्रक चिकटलेला असतो. तेच इंजिन १७० न्यूटन-मीटरचं असेल तर त्याच गिअरमध्ये, त्याच आरपीएमला ६० पीएस मिळतात. चालकाला काही करावंच लागत नाही.

ज्यांना कमी ताकदीच्या इंजिनाचा त्रास होतो ते याच क्षणाबद्दल बोलत असतात. आणि ज्यांच्या वाट्याला हा क्षण कधी येतच नाही, ते म्हणतात मला काही कमी पडलं नाही.

उंचीचा मुद्दा यातच जोडून घ्या. समुद्रसपाटीपासून वर जावं तशी हवा विरळ होते. ३,००० मीटरवर तिची घनता पाव हिश्शापेक्षा थोडी जास्तच घटलेली असते. टर्बो नसलेलं इंजिन जेवढी हवा मिळेल तेवढीच ओढतं, त्यामुळे त्याची ताकदही जवळपास त्याच प्रमाणात कमी होते. ९० पीएसची गाडी तिथे पासष्ट-सत्तर पीएसची होते. टर्बो हवा दाबून भरतो, म्हणून त्याला हा फटका बराच कमी बसतो. डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी या एकाच कारणासाठी टर्बोचा विचार करावा असं मला ठामपणे वाटतं.

आता ओव्हरटेक. गाडी माणसांसकट १,४०० किलो. समोर ताशी ६० ने चाललेलं वाहन ओलांडण्यासाठी ६० वरून १०० ला जायचंय. विरोध वजा जाऊन वेग वाढवण्यासाठी एका गाडीकडे सरासरी ३० किलोवॉट उरतात, दुसरीकडे ५०. पहिलीला साडेअकरा सेकंद लागतात आणि त्यात ती २६० मीटर पुढे जाते. दुसरीला सात सेकंदही लागत नाहीत आणि रस्ता लागतो सुमारे १५७ मीटर. स्वतःच्याच रस्त्याचा शंभरेक मीटरचा फरक. वर त्या जादाच्या साडेचार सेकंदांत समोरून ताशी ८० ने येणारी गाडी आणखी शंभर मीटर जवळ आलेली असते. म्हणजे कमी ताकदीच्या गाडीला दोनशे मीटर जास्त मोकळा रस्ता दिसायला हवा, तेव्हाच ती बाहेर काढायची.

याचा अर्थ कमी ताकदीची गाडी धोकादायक असा अजिबात नाही. धोका गाडीची कुवत न ओळखता बाहेर पडण्यात आहे. थांबायची तयारी असलेला चालक ४० पीएसच्या गाडीतही सुखरूप पोचतो. पण ज्यांचा रोजचा रस्ता दुभाजक नसलेला, एकेरी पट्ट्याचा आणि ट्रकांनी भरलेला आहे, त्यांना दिवसातून दहा वेळा हा हिशेब मनात करावा लागतो. त्यांच्यासाठी जादा टॉर्क चैन नाही.

वजनाबद्दलही थोडं. पत्रकातलं वजन बहुधा रिकाम्या गाडीचं असतं. १,००० किलोच्या गाडीत चार मोठी माणसं आणि डिकीभर सामान चढलं की ३५० किलोची भर पडते, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा जास्त. एकट्याने चालवताना चपळ वाटलेली गाडी तेव्हा वेगळीच गाडी असते. मी एका मित्राची अशी गाडी आधी एकट्याने चालवली होती आणि ती पुरेशी असल्याचं त्याला अगदी खात्रीने सांगितलं होतं. पुढे पाच जण बसून चढाला लागलो तेव्हा दर वळणानंतर पहिला गिअर टाकावा लागला. तेव्हापासून रिकामी गाडी चालवून कोणाला सल्ला द्यायचं मी सोडलं.

मायलेजचं काय?

'इंजिन जितकं लहान तितकं मायलेज चांगलं' हा समज अर्धाच खरा आहे, आणि त्याचा खरा अर्धा भाग कोणता हे कळलं पाहिजे.

पेट्रोल इंजिन आत येणारी हवा थ्रॉटलच्या झडपेने अडवून आपली ताकद कमी-जास्त करतं. मोठ्या इंजिनाकडून थोडंसंच काम घ्यायचं तर झडप जवळजवळ बंद ठेवावी लागते आणि त्या अरुंद फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची शक्ती वाया जाते. नळी चिमटीत धरून सरबत ओढावं तसं. लहान इंजिनाला त्याच कामासाठी झडप जास्त उघडावी लागते, म्हणून हा अपव्यय कमी होतो. सावकाश चालवण्यात लहान इंजिन जिंकतं ते यामुळे.

पण लहान टर्बो इंजिनावर सतत जोर दिला की दुसरी गोष्ट घडते. आतलं तापमान वाढतं आणि टर्बो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे भाग वाचवण्यासाठी इंजिनाचा संगणक गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडून ज्वलन थंड ठेवतो. ते पेट्रोल गाडी पुढे न्यायला लागत नाही. सगळीच इंजिनं असं करत नाहीत, पण जी करतात त्यांच्यात शांत चालक आणि घाईचा चालक यांच्या मायलेजमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर पडतं.

प्रयोगशाळेतले आकडे हे दाखवत नाहीत. युरोपात वर्षानुवर्षं वापरलेल्या जुन्या चाचणीत गाडीला थांबलेल्या अवस्थेतून ताशी ५० ला पोचायला २६ सेकंद दिले जायचे. खऱ्या रस्त्यावर इतक्या सावकाश कोणी निघालं तर मागचे हॉर्न वाजवतील. इतक्या हलक्या हाताने चालवल्यावर लहान टर्बो इंजिनांचे आकडे छान यायचे आणि गिऱ्हाइकाला मात्र ते मिळायचे नाहीत. सप्टेंबर २०१७ पासून नव्या मॉडेलांसाठी तिथे डब्ल्यूएलटीपी ही जास्त लांबीची, जास्त वेगाची चाचणी आली, आणि आकडे वास्तवाच्या जवळ सरकले.

आणि दोन्ही रूपांत इंजिन एकच असेल, फक्त एकाचा सूर चढा लावलेला असेल, तर सारख्या वेगाने चालवताना मायलेज जवळपास सारखंच येतं. रस्त्याला वीस पीएस लागतात तर दोन्ही इंजिनं वीसच देतात. जास्त पेट्रोल जातं ते जादा ताकद वापरल्यावर. आपण ती वापरणार का, हे प्रत्येकाने स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावं. माझा अनुभव असा की बहुतेक जण पहिले सहा महिने वापरतात, मग हात आणि पाय पुन्हा मूळ सवयीवर येतात.

एकच इंजिन, दोन आकडे: फरक नेमका कशाचा?

बऱ्याचदा कमी आणि जास्त ताकदीची इंजिनं एकाच आकाराची असतात. बीएमडब्ल्यूच्या ३१८डी आणि ३२०डी या गाड्यांत अनेक वर्षं दोन लिटरचंच डिझेल इंजिन होतं. मागच्या झाकणावरचा आकडा इंजिनाचा आकार सांगत नव्हता. अशा वेळी "मग कमी ताकदीची घेऊ आणि बाहेरून सॉफ्टवेअर बदलून घेऊ" असा विचार मनात येतो.

इथे मी आग्रहाने सांगेन, घाई करू नका. काही जोड्यांत फरक खरंच सॉफ्टवेअरचा असतो. पण अनेकांत टर्बो, इंजेक्टर, इंटरकूलर, क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक यांपैकी एक-दोन भाग वेगळे असतात आणि ते बाहेरून दिसत नाहीत. जादा टॉर्क सॉफ्टवेअरने मिळवला तरी तो सोसायचा असतो जुन्याच क्लचला. वॉरंटी जाते, आणि विमा कंपनीला कळवलं नसेल तर अपघातानंतर दाव्याचीही अडचण होते.

कधी तर कमी ताकदीचं रूपच जास्त प्रगत असतं. फोक्सवॅगनच्या १.५ टीएसआय इव्हो इंजिनाचं उदाहरण मला फार आवडतं. २०१७ च्या सुमारास ते आलं तेव्हा १३० पीएसच्या रूपात पाती फिरवून हवेचा मार्ग बदलणारा टर्बो होता आणि कॉम्प्रेशन, म्हणजे पेटण्याआधी आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, १२.५ ला १. १५० पीएसच्या रूपात नेहमीचा टर्बो आणि कॉम्प्रेशन १०.५ ला १. कमी ताकदीचं इंजिन इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम वेगळं घडवलेलं होतं. त्याला १५० ची कापलेली आवृत्ती म्हणणं चूक ठरलं असतं.

टिकाऊपणाचं विचाराल तर दोन्हींत मोठं अंतर मला दिसत नाही. ताकद वाढवताना कंपन्या आतले भागही त्या हिशेबाने देतात. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनाची एक खोड मात्र चालकाने ओळखावी. उंच गिअरमध्ये आरपीएम खूप खाली असताना पाय पूर्ण दाबला तर आतलं मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटू शकतं, आणि वारंवार झालं तर पिस्टन फुटू शकतो. हे टाळण्यासाठी २०१८ मध्ये इंजिन ऑइलचा एपीआय एसएन प्लस हा दर्जाच आणावा लागला. उपाय दोन: कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच ऑइल, आणि गाडी कण्हायला लागली की गिअर खाली.

इंजिनाबरोबर आणखी काय बदलतं तेही वाचा. स्कोडा फाबियात एक लिटर टीएसआयच्या ९५ पीएसला पाच मॅन्युअल गिअर आणि ११० ला सहा असा फरक होता. सहावा गिअर असला की हायवेवर इंजिन सावकाश फिरतं. सलग चार तास चालवल्यावर कानाला आणि डोक्याला तो फरक ताकदीपेक्षाही जास्त जाणवतो. ऑटोमॅटिक हवी असेल तर ती बऱ्याचदा जास्त ताकदीच्या इंजिनालाच मिळते. तिथे निवड आपोआप होऊन जाते. उलट बाजूला, जास्त ताकदीच्या रूपाला मोठी चाकं आणि पातळ कडेचे टायर येतात, आणि खड्ड्यांत ते कमरेला जाणवतात. टायर बदलायची वेळ आल्यावर खिशालाही. कर आणि विमा काही ठिकाणी ताकदीवर, काही ठिकाणी सीसीवर ठरतात, तेव्हा आपल्याकडचा नियम बघून घ्यावा.

टेस्ट ड्राइव्हला काय बघायचं

शोरूमभोवतीच्या दोन किलोमीटरच्या फेरीत दोन्ही गाड्या छानच वाटतात. घरची माणसं सोबत न्या, सगळ्या सीट भरा, एसी पूर्ण चालू ठेवा. लहान इंजिनावर एसीचा कॉम्प्रेसर दोन-तीन किलोवॉट घेतो आणि कमी आरपीएमला तो वाटा मोठा असतो. जवळ चढ असेल तर तिकडेच चला असं विक्रेत्याला स्पष्ट सांगा.

चढावर गाडी पूर्ण थांबवून पुन्हा काढा. टर्बो गाडीत क्लच सुटल्यापासून टर्बो जागा होईपर्यंत एक पोकळ क्षण येतो. तो किती लांब आहे हे इथे कळतं, आणि कधी कधी जास्त ताकदीच्या मोठ्या टर्बोतच तो जास्त लांब असतो. मग तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमला पाय हळूहळू दाबा. गाडी ओढायला कुठे लागते ते काट्यावर बघा. मोकळा आणि परवानगी असलेला रस्ता मिळाला तर ६० ते १०० ला लागणारा वेळ सोबतच्याला मोजायला सांगा. शून्य ते शंभरपेक्षा हा आकडा दहापट उपयोगाचा आहे. शेवटी आपल्या नेहमीच्या हायवेच्या वेगाला गाडी स्थिर ठेवा, रेडिओ बंद करा आणि इंजिनाचा आवाज ऐका.

आता निवड. गाडी बहुतेक वेळ गावात, एक-दोन माणसं, वर्षातून एखादा लांबचा प्रवास, असं असेल तर कमी ताकदीचं घ्या आणि निश्चिंत राहा. उरलेल्या पैशात चांगले टायर आणि जास्तीच्या एअरबॅगचं मॉडेल मिळत असेल तर माझ्या मते तोच सौदा चांगला. नेहमी चार-पाच माणसं, डोंगरातलं घर, रोजचा एकेरी पट्ट्याचा हायवे, किंवा मागे ट्रेलर ओढायचा, यांपैकी एक जरी लागू असलं तर जास्त टॉर्कचं घ्या. टॉर्क म्हणतोय, ताकद नाही. जोडीतल्या दोन्ही इंजिनांचा टॉर्क सारखाच निघाला तर डोंगरात राहणाऱ्यानेही स्वस्तातलं घ्यायला हरकत नाही. जादाचा आकडा चार हजार आरपीएमच्या वर आहे, आणि त्याच्या घाटात इंजिन तिथवर क्वचितच जातं.

कोड्यात पाडणारं प्रकरण मधलंच: आठवड्याचे पाच दिवस गावातली गर्दी आणि दर शनिवारी भरलेली गाडी घेऊन घाट. अशांनी शनिवारचा विचार करून गाडी घ्यावी. गर्दीत जादा टॉर्कने काही बिघडत नाही, उलट गिअर कमी बदलावे लागतात. घाटात कमी टॉर्क मात्र दर वळणाला आठवण करून देतो. फक्त त्या शनिवारी मागच्या सीटवर खरंच कोण कोण बसतं, हे घरात आधी मोजून घ्या.